विरघळवता येणारे भरण

उतारवयातील स्त्रीचा चेहरा केवळ कातडी सैल पडल्यामुळे बदलत नाही. गालांतील चरबी ओसरते, जबड्याचे आणि डोळ्यांच्या खोबणीचे हाड झिजते, आणि त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन रजोनिवृत्तीनंतर झपाट्याने घटते, म्हणजे चेहरा आतून रिता होत जातो. ही कारणमीमांसा अलीकडची असली, तरी सुईवाटे चेहरा भरण्याचा खटाटोप मात्र शतकाहून जुना आहे.

1899 मध्ये व्हिएन्नातील शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी क्षयामुळे वृषण गमावलेल्या रुग्णाला व्हॅसलीन टोचून त्या जागी भरीव उंचवटा निर्माण केला, आणि थोड्याच अवधीत व्हॅसलीन व पॅराफिन, म्हणजे खनिज तेलातून निघणारे मेण, सुरकुत्या आणि बसक्या नाकांवरचा उपाय म्हणून युरोप-अमेरिकेत पसरले. हे मेण ऊब देऊन पातळ केले जाई व आत गेल्यावर घट्ट होई. परंतु ते जागेवर राहीलच याची शाश्वती नव्हती. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन यांनी नाकाच्या कण्यात भरून घेतलेले मेण हनुवटीकडे उतरले आणि त्यांचा विख्यात चेहरा कायमचा विद्रूप झाला. इतरांच्या बाबतीत मेणाभोवती पॅराफिनोमा नावाच्या कठीण गाठी धरल्या, आणि त्या कापून काढताना चेहराही कापावा लागे. विसाव्या शतकाच्या मध्यावर द्रवरूप सिलिकॉनने हीच चूक पुन्हा घडवली, ही बाब अधिक क्लेशदायक आहे.

गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजेनला अमेरिकेत 1981 मध्ये मान्यता मिळाली. ते टोचण्याआधी हातावर चाचणी घेऊन चार आठवडे थांबावे लागे, आणि परिणाम काही महिन्यांतच ओसरे. हा अल्पजीवीपणा उणीव मानला गेला, वस्तुतः तेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण होते.

कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 मध्ये गाईच्या डोळ्यातील पारदर्शक गरातून वेगळे केलेले, पाणी धरून ठेवणारे हायल्युरोनिक आम्ल पुढे जेलच्या रूपात चेहऱ्यात भरले जाऊ लागले. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या रेस्टिलेनला डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकी मान्यता मिळाली. हायल्युरोनिडेझ हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, टोचले की हे जेल विरघळते, आणि मेणाच्या काळातील स्त्रियांना नेमकी हीच सोय नव्हती. तरीही जेल धमनीत शिरल्यास त्वचा मरू शकते किंवा दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी विकराने परत येईलच असे नाही.