पत्रिकेवरचा शब्द वाचूया

आम्ही नेसरीच्या बचत गटातल्या बायका. मागं एकदा आम्हाला एका चर्चासत्राची पत्रिका आली. भाकऱ्या थापून, जनावरांचं वैरण-पाणी उरकून आम्ही पाचजणी वेळेवर जाऊन बसलो. हार-तुरे झाले, भाषणं झाली, जेवण झालं. चर्चा तेवढी झाली नाही. परतताना एसटीत एकीनं विचारलं, "चर्चाच नव्हती, तर चर्चासत्र कशाला म्हणायचं?" त्या प्रश्नामुळं आम्ही या शब्दांचा माग काढला. हाती लागलं ते आज सांगतो.

सभा हा शब्द फार जुना, वेदांतही आहे. परिषद म्हणजे भोवती बसणं. 'परि' म्हणजे भोवती, 'सद्' म्हणजे बसणं. जुन्या काळी अवघड प्रश्नावर जाणती माणसं एकत्र बसून निर्णय द्यायची, ती परिषद. आजही परिषदेत ठराव होतात, ते त्याच रीतीनं.

बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या दरबारातली विद्वानांची सभा आहे. सर्वांत ज्ञानी ठरेल त्याला शिंगांना सोनं बांधलेल्या हजार गाई मिळणार होत्या. याज्ञवल्क्यानं वाद होण्याआधीच गाई हाकायला सांगितल्या. मग एकेकजण त्याला प्रश्न विचारू लागला. त्यांत गार्गी नावाची बाई होती. फार खोलात विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल, असं त्यानं तिला बजावलं. ती गप्प बसली. पण पुढं पुन्हा उठली आणि आणखी दोन प्रश्न विचारलेच.

आता अलीकडं येऊ. 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानं वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यान म्हणजे एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. 1878 साली रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यातच मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. ती ग्रंथकार सभा. तिलाच आज आपण पहिलं साहित्य संमेलन मानतो. संमेलन म्हणजे मिळून येणं.

पण मिळून कोण येणार? 1885 च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना आलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे आमच्या माणसांचे हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत आणि पुस्तकांत आमचं दुःख कसं येणार, असा त्या पत्राचा सूर होता. शब्द 'सभा' असला म्हणून सगळे आत आले असं होत नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. बायकांचं सांगायचं तर संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली 1961 साली, ग्वाल्हेरला. त्या कुसुमावती देशपांडे. 1878 पासून मोजलं तर मध्ये 83 वर्षं गेली.

तोवर बायका बसून राहिल्या नव्हत्या. जानेवारी 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. विषय होता मुलींचं शिक्षण. पण बोलता बोलता मूळ दुखणं बाहेर आलं. लहानपणी लग्न झाल्यावर मुलगी शाळेत टिकणार कशी? मग बालविवाहाविरुद्ध ठराव झाला, आणि त्याचा पाठपुरावाही झाला. 1929 साली शारदा कायदा आला. मुलीचं लग्नाचं वय किमान 14 ठरलं. कायदा एका परिषदेमुळंच झाला असं नाही, पण बायकांच्या ठरावाचं बळ त्यामागं होतं.

आपल्या जिल्ह्यातही असं घडलं आहे. मार्च 1920 मध्ये माणगावला परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. पुढं 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, गावोगावी कॉलेजं आली आणि नवे शब्द आपल्या कानावर पडू लागले. परिसंवाद म्हणजे एकाच विषयावर चौघांनी चार बाजूंनी बोलणं. कार्यशाळा म्हणजे हातानं करून शिकणं. शिवण किंवा गांडूळखत नुसतं ऐकून घरी आलो, तर ती कार्यशाळा नव्हे.

आणि आमचं ते चर्चासत्र? सत्र हा शब्द यज्ञाचा. पूर्वी बरेच दिवस चालणाऱ्या यज्ञाला सत्र म्हणत. त्यात एकटा कुणी यजमान नसे. बसलेले सगळेच यजमान, सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे चर्चासत्रात आम्ही पाहुण्या नव्हतोच, यजमान होतो!

म्हणून मैत्रिणींनो, पत्रिका आली की आधी शब्द बघा. व्याख्यान असेल तर मन लावून ऐका. चर्चासत्र असेल तर प्रश्न लिहून न्या. परिषद असेल तर ठराव काय झाला ते विचारा. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. तिथं नुसती सही करून उठू नका. पाणी, शाळा, रस्ता, जे असेल ते बोला आणि ठरावात लिहून घ्या. यापुढं आम्हीही तसंच करणार आहोत.