छायाचित्रणाचीं साधनें आणि चोरलेलीं नांवें

कापडाचें ठाण गिऱ्हाइकापुढें उलगडतां येतें, धान्य मुठींत घेऊन पाहतां येतें, सोनें कसास लावतां येतें. छायाचित्राची फिल्म मात्र घेण्यापूर्वीं उघडून पाहिली कीं त्याच क्षणीं निकामी होते. ज्या मालाची परीक्षा हाच त्याचा नाश, त्याच्या वेष्टनावरील नांवाखेरीज गिऱ्हाइकास दुसरा आधार नसतो. म्हणून या व्यापारांत परक्याच्या नांवाचा चोरटा वापर विशेष घातक ठरतो, आणि त्याचा इतिहास हा केवळ कारखानदारांच्या भांडणांचा इतिहास नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आरंभीं ही अडचण फारशी नव्हती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीं स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होत. त्या काळचा छायाचित्रकार कांचेवर रसायन स्वतः ओतीत असे आणि ती ओली आहे तोंच चित्र घेत असे. चूक झाली तर ती बहुधा त्याच्या हातची. पुढें कारखान्यांतून तयार कोरड्या कांचा आल्या. आणि 1888 सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें शंभर चित्रांची फिल्म भरलेला ‘कोडक’ कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला. चित्रें संपलीं कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा! कौशल्य कारखान्यांत गेलें आणि विश्वास नांवांत जाऊन बसला. ‘कोडक’ हा शब्द ईस्टमननें मुद्दाम घडविलेला; त्यास कोणत्याच भाषेंत अर्थ नव्हता.

इंग्लंडांत 1898 सालीं ईस्टमन कंपनीचे दोन वाद निकालास लागले. छायाचित्रांच्या कागदास तिनें ‘सोलिओ’ हें नांव दिलें होतें. त्यांत सूर्यवाचक शब्द दडला आहे, या कारणानें नोंदणी नाकारली गेली होती. उमरावांच्या सभेनें मात्र तो घडविलेला शब्द मानून कंपनीच्या बाजूनें निर्णय दिला. दुसरा वाद सायकली ‘कोडक’ नांवानें विकणाऱ्यांविरुद्ध होता. सायकल आणि कॅमेरा यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. पण सायकलीवर बसवावयाचे कॅमेरे ईस्टमन कंपनी विकीत होती, तेव्हां गिऱ्हाइकाचा समज होणें स्वाभाविक होतें. न्यायालयानें तो वापर थांबविला.

आपल्या देशांत नांवाच्या नोंदणीची सोय फार उशीरां झाली. खोट्या व्यापारचिन्हास 1860 च्या दंडसंहितेंत शिक्षा होती, 1889 सालीं मालावरील चिन्हांचा कायदाही झाला. परंतु नोंदणीचा कायदा 1940 चा, आणि तोही ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. आमचा सुरगाणा त्या वेळीं देशमुखांचें संस्थान होता. तो 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झाला. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके 1912 सालीं लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा स्वतः निवडून आणूं शकले. डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकास तें कसें साधावें? मूळ दुकान जितकें दूर, तितका नांवावरचा भार अधिक.

येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. खारकोव्ह येथील मुलांच्या वसाहतींत 1934 पासून ‘फेड’ कॅमेरा होऊं लागला. तो जर्मन ‘लायका’ची उघड नक्कल होता, तरी त्यावर नांव स्वतःचें होतें. पुढें अशाच रशियन कॅमेऱ्यांवरचें नांव खरवडून ‘लायका’ कोरणारे निघाले. घाट उचलणें ही एक गोष्ट, आणि विश्वास उचलणें ही दुसरी. गिऱ्हाइकाची फसवणूक दुसरीनें होते.

आज फिल्मची जागा मेमरी कार्डानें घेतली आहे, आणि बंद डबीचें जुनें संकट नव्या वेषांत परत आलें आहे. नामांकित कंपनीचें नांव छापलेल्या बनावट कार्डांत कित्येकदां खोटी क्षमता दाखविण्याची युक्ति केलेली असते. खरी जागा भरेपर्यंत सारें सुरळीत चालतें. पुढचीं चित्रें नाहींशीं होतात, किंवा आधींच्या चित्रांवर चढतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्या खेड्यांतल्या छायाचित्रकारास हें कळतें तेव्हां मांडव उतरलेला असतो.

सध्यांच्या 1999 च्या कायद्यांत अशा कृत्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यास वॉरंटाविना माल जप्त करतां येतो. मात्र आधीं व्यापारचिन्हांच्या निबंधकाचें मत घ्यावें लागतें. नांव चोरल्याचा दिवाणी दावा मालकाचा. ज्याचीं चित्रें गेलीं त्यानें नाशिकच्या ग्राहक आयोगाचें दार ठोठवावें. तेथें कार्डाची किंमत वसूल होईल, कदाचित् नुकसानभरपाईही मिळेल. पण गेलेलें चित्र कोणताही निकाल परत देऊं शकत नाहीं. म्हणून व्यापारचिन्हाकडे मालकाची मिळकत एवढ्याच दृष्टीनें पाहणें अपुरें होय. तें दूरच्या अनोळखी माणसास दिलेलें वचन आहे. आणि त्याचा भंग झाला असतां पहिला तोटा त्या माणसाचा होतो.