इनामगाव : श्रद्धा आणि तंत्रज्ञान

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेले ताम्रपाषाणयुगीन स्थळ. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. माळवा व जोर्वे संस्कृतींची ही वसाहत सु. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील आहे.

पुराचे पाणी वळवणारा कालवा, धान्यकोठार, मडकी भाजण्याची भट्टी व तांब्याची अवजारे येथील तंत्रज्ञानाची साक्ष देतात. त्याच हातांनी श्रद्धाही घडवली. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी सापडली. आत शिरोहीन स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल होता. शिरोहीन मूर्तीच्या पोटातील व बैलाच्या पाठीवरील छिद्रांत काडी घातली की देवी बैलावर बसते.

मृत बालकांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत, घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांची पावले पुरण्यापूर्वी तोडलेली आढळतात. लिखित शब्द नसलेल्या या समाजाचा विश्वास मातीनेच जपला. म्हणून महाराष्ट्राच्या धर्मेतिहासात इनामगावचे मोल मोठे आहे.