विषाणू गेला, लिम्फोमाही ओसरला

हिपॅटायटिस सी म्हटलं की यकृतच आठवतं. १९८९ साली हा विषाणू ओळखला गेला तोसुद्धा रक्त चढवल्यावर होणाऱ्या काविळीचा छडा लावताना. मला मात्र २००२ सालचा ऑलिव्हिए एर्मिन या फ्रेंच डॉक्टरांचा छोटासा अभ्यास फार आवडतो. प्लीहेचा एक दुर्मिळ लिम्फोमा आणि सोबत हा विषाणू, असे ९ रुग्ण. त्यांना इंटरफेरॉन दिलं. ७ जणांच्या रक्तातला विषाणू दिसेनासा झाला, आणि लिम्फोमाही पूर्ण ओसरला! कुणी म्हणेल, इंटरफेरॉन कर्करोगावरही चालतंच की. रास्त शंका. म्हणून तोच लिम्फोमा, पण विषाणू नाही, अशा ६ जणांनाही ते दिलं होतं. एकालाही गुण आला नाही. पहिल्या गटातल्या एकाच्या रक्तात विषाणू पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्याचा लिम्फोमाही उलटला.