हातोडी, पत्रा आणि स्वामित्व : फेरारी २५० जीटीओच्या आकाराचा इतिहास

जून २०१९ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने एका मोटारगाडीस कलाकृतीचा दर्जा दिला. ही गाडी म्हणजे १९६२ ते १९६४ या काळात घडविलेली शर्यतीची फेरारी २५० जीटीओ. तिच्या प्रतिकृती करू पाहणाऱ्या एका कंपनीस मनाई झाली आणि आकारावरील हक्क फेरारीकडे राहिले. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र वेगळाच प्रश्न उभा राहतो. ही जर कलाकृती, तर तिचा कलावंत कोण?

आरंभीचे काम ज्योत्तो बिझारिनी या अभियंत्याचे. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून त्याने पिसा विद्यापीठातील वातबोगद्याचा उपयोग केला. १९६१ च्या अखेरीस मतभेदांमुळे तो व अन्य वरिष्ठ अधिकारी कंपनीबाहेर पडले आणि काम सव्वीस वर्षांच्या माउरो फोर्गिएरीकडे आले.

तथापि, हा आकार धातूत उतरला तो सेर्जो स्काल्येत्ती (१९२०–२०११) यांच्या कार्यशाळेत. पितृनिधनानंतर वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून ते या व्यवसायात आले होते. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा, ठोकून त्यास फुगवटा आणायचा, पुन्हा पुन्हा जुळवून पाहायचा, मठारायचा आणि मग सांधायचा, अशी ही रीत. ठोकताना पत्रा ताणून पातळ होतो व कठीणही होतो. वेळीच तापवून मऊ केला नाही तर तो चिरतो. हे ज्ञान आराखड्यात मावणारे नव्हे. त्याची भिस्त नजरेवर आणि तळहातावर असते.

सौंदर्य हा येथे मूळ हेतू नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. नाकावरील तीन झरोके इंजिन थंड राखण्यासाठी जादा हवा मिळावी म्हणून होते. शेपटीवरील उंचावलेली पट्टी मागील चाकांनी वेगातही रस्ता धरून ठेवावा म्हणून होती. सुरुवातीच्या गाड्यांवर ही पट्टी वेगळी जोडलेली होती, पुढे ती बाह्यांगाचाच भाग झाली. शर्यतीची गरज आणि कारागिराचा हात यांमुळे एकंदर ३६ गाड्यांपैकी कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या उतरल्या नाहीत. १९६४ मधील तीन गाड्यांचे बाह्यांग तर निराळ्याच वळणाचे आहे.

न्यायालयीन निर्णयातील खरा पेच येथे आहे. जिच्या प्रत्येक प्रतीत फरक आहे, तिचा ‘एक’ आकार कोणता मानावा? हातकामामुळे जी विविधता या गाडीस शिल्पाच्या जवळ नेते, तीच एकमेव मालकीच्या दाव्यास अडचणीची ठरते. कायद्याला स्वामी सापडला; शिल्पकाराचा शोध घेणे त्याच्या कक्षेत नव्हते. हा वाद दोन कंपन्यांमधला होता, आणि पत्रा ठोकणारे कारागीर त्यात पक्षकार नव्हते.

पुढे २०२० मध्ये युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने या आकाराची व्यापारचिन्ह म्हणून असलेली नोंदणी, वापर नसल्याच्या कारणावरून, खऱ्या मोटारगाड्यांपुरती रद्द केली. खेळण्यातील गाड्या व लघुप्रतिकृती यांच्यापुरती मात्र ती कायम ठेवली.