माळ आणि जलाशय : बारामती–इंदापूरची अर्ध्या दिवसाची सफर

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, बारामती व इंदापूर तालुक्यांत वाटाड्याबरोबर केली जाणारी निसर्गसफर. पहाटे वन विभागाच्या गवताळ क्षेत्रात (इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी किंवा बारामती तालुक्यातील शिर्सुफळ) वन्यप्राणी पाहायचे, तेथून भिगवण परिसरात येऊन उजनी जलाशयावर होडीतून पक्षी पाहायचे आणि दुपारी मासळीचे जेवण करून परतायचे, असा तिचा सर्वसाधारण क्रम. गवताळ सफारी वन विभागाने २०२४ मध्ये रीतसर सुरू केली. भिगवणच्या होड्या त्याहून बऱ्याच जुन्या, मच्छीमारांनी आपणहून पर्यटनाकडे वळवलेल्या. दोन्हींची नोंदणी वेगळी, नियम वेगळे, माणसेही वेगळी. एका सकाळीत त्यांची सांगड घातली ती पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांनी आणि सोलापूर महामार्गाने.

हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मुळशी-लोणावळ्याकडे काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना इथे वर्षाकाठी ५०० मिमीच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. खाली बेसाल्टचा कातळ, त्यावर मुरूम आणि मातीचा पातळ थर. दक्षिणेच्या अंगाने नीरा वाहते, उत्तर-पूर्वेने भीमा. दोघींचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे होतो. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे होते, म्हणजे आजच्या सफरीचा टापू बहुतेक त्याच जहागिरीतला.

१८७६–७७ च्या दुष्काळात काम निघालेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि या भागाचे दोन तुकडे पडले : कालव्याखालचे बागायत आणि कालव्यावरचे जिरायत. मतांच्या गणितात, सोयरिकीच्या बोलण्यात आणि जमिनीच्या भावात ही रेघ अजून पुसलेली नाही. बागायतात ऊस आला, मागोमाग साखर कारखाने आले. जिरायतात माळ तसाच राहिला. सफरीतले पहिले ठिकाण या जिरायत भागात आहे, दुसरे भीमा अडवल्यामुळे तयार झालेले. एक जागा पाणी पोचले नाही म्हणून उरली, दुसरी पाणी साठवले म्हणून झाली. एकीकडून दुसरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतो तो ऊस. सफरीच्या जाहिरातीत ऊस नसतो. पण तो वगळला तर माळ का आटला आणि धरण कशासाठी बांधले, या दोन्हींचा उलगडा होत नाही.

माळ. ‘फॉरेस्ट’ म्हणून आलेला पाहुणा इथे पहिल्यांदा झाडे शोधतो. झाडे आहेत, पण विखुरलेली : हिवर, बोर, बाभूळ, कुठे निंब. खरा ऐवज गवताचा. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही इथली मुख्य गवते. पावसाळ्याच्या अखेरीस ती गुडघ्यापर्यंत वाढतात, दिवाळीनंतर पिवळी पडतात आणि फेब्रुवारीत कडब्यासारखी वाजू लागतात. कुसळीची ओळख पायमोज्यांना आधी होते. तिच्या बीला पीळ दिलेली लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बीचे टोकदार तोंड जमिनीत रुतत जाते. मेंढीच्या लोकरीत ते तितक्याच सफाईने शिरते, म्हणून मेंढपाळाचा या गवतावर राग.

चिंकारा हे कडबनवाडीचे हमखास दर्शन. पहाटे दोन-चारांचा कळप उताराला चरत असतो. गाडी थांबली की तो पळत नाही, आधी मान वर करून पाहतो. शेपटीचा काळा झुपका फडफडतो, पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो, नाकातून शिंकेसारखा आवाज येतो. तेवढ्यात इंजिन बंद केले नाही तर पुढच्या क्षणी तिथे फक्त गवत हलताना दिसते. उन्हाळ्यात या जनावरांसाठी पाणवठे भरणे आणि शिकाऱ्यांवर नजर ठेवणे ही कामे कडबनवाडीच्या गावकऱ्यांनी सफारी सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून केली आहेत. शिर्सुफळचा माळ जुन्या तलावाच्या आणि शिरसाई देवीच्या परिसरातला; तिथे माळावरच्या पक्ष्यांबरोबर पाणपक्षीही मिळून जातात.

लांडगा दिसणे नशिबाचा भाग. पुष्कळ जण त्याच्यासाठीच येतात आणि पुष्कळ जण त्याच्या पाऊलखुणा पाहून जातात. वाटाड्याचे कसब इथे कळते. तो रस्त्याच्या कडेची विष्ठा काडीने उलगडून दाखवतो : केस आणि लोकर असेल तर लांडगा, पांढरी, खडूसारखी असेल तर हाडे पचवणारे तरस, बोराच्या बिया असतील तर कोल्हा किंवा खोकड. खोकड हा कोल्ह्याहून लहान, शेपटीचे टोक काळे, बिळाच्या तोंडाशी उन्हाला बसणारा. तो दिसला की फोटो चांगला मिळतो, कारण त्याला घाई नसते. पक्ष्यांत धाविक, पखुर्डी, तितर, नीलपंख आणि चंडोलांच्या जाती कायमच्या. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या येतात आणि गवतावरून हातभर उंचीने तिरपे तरंगत उंदीर-टोळ शोधतात. सापमार गरुड एका जागी पंख मारत थांबलेला दिसतो. मात्र शहरी पाहुण्यांना गरुडापेक्षा लांडग्याची हौस अधिक.

सफारी सुरू करण्यामागचे कारण या हौशीतच आहे. समाजमाध्यमांवर माळरानाचे फोटो गाजू लागल्यावर गाड्या गवतात घालणे, लांडग्यांचा पाठलाग करणे, पिल्ले असलेल्या बिळापाशी तळ ठोकणे असे प्रकार वाढले. लांडगी हिवाळ्यात वितात, आणि पर्यटनाचा हंगामही तोच. आता आगाऊ नोंदणी, ठरलेले मार्ग, सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या आणि प्रत्येक गाडीत प्रशिक्षण घेतलेला स्थानिक वाटाड्या अशी पद्धत आहे. गाडी पाहुण्याची स्वतःची चालते. गावातल्या तरुणाला त्याच माळावर दिवसाचे पैसे मिळू लागले, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. ठरलेला मार्ग सोडायला वाटाड्याला भरीस घालणारे पाहुणे, ही तिची दुखरी जागा.

माळाचे खरे दुखणे मात्र पर्यटक नव्हेत. सरकारी दफ्तरात उघडा गवताळ प्रदेश फार काळ ‘पडीक’ या सदरात गेला. पडीक म्हटले की ते सुधारणे आले : कुठे चर खणून गिरिपुष्प लावणे, कुठे औद्योगिक वसाहत, कुठे पाणी उचलून शेती. झाडे लावणे हे चांगलेच काम, या समजुतीने गवताचे केलेले नुकसान मोजायला कोणी बसत नाही. झाडोरा दाट झाला की चिंकाऱ्याला आणि धाविकाला दूरवर दिसत नाही, आणि दूरवर दिसणे हाच त्यांचा बचाव. दुसरे संकट भटक्या कुत्र्यांचे. ती चिंकाऱ्याची पाडसे मारतात, लांडग्यांत रोग पसरवतात आणि त्यांच्याशी संकरही करतात. पुणे परिसरातल्या अशा संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला लांडगा शिकाऱ्यापासून वाचला तरी यातून कसा वाचणार, याचे उत्तर कायद्यात नाही.

धनगर या माळाचे जुने वहिवाटदार. दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लांडगा मेंढरू नेतो, हे त्यांच्या हिशेबात धरलेलेच असते. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा होईपर्यंत वाडा पुढच्या गावी गेलेला असतो. मेंढरांच्या चराईवर सरसकट बंदी घालावी असे सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की इथला लांडगा शतकानुशतके मेंढरांच्या मागे मागेच जगला आहे. सफारीच्या माहितीफलकावर धनगराला लांडग्याइतकी जागा मिळायला हरकत नव्हती.

जलाशय. भीमेवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. पाण्याचा फुगवटा इंदापूर, दौंड, कर्जत आणि करमाळा तालुक्यांत शिरतो आणि अनेक जुनी गावे त्याखाली गेली आहेत. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६० टीएमसीहून अधिक मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे इतके टक्के’ अशा बातम्या येतात. बाहेरच्याला ते कोडे वाटते, सोलापूरकराला काळजी.

पक्ष्यांचे सगळे गणित या चढउतारावर बसलेले आहे. मुळा-मुठा, इंद्रायणी यांचे पुराचे पाणी घेऊन जलाशय पावसाळ्याअखेर भरतो, मग सिंचन आणि पिण्यासाठी पाणी सुटत जाते तसतसा काठ उघडा पडतो. उघड्या गाळात शेतकरी गाळपेर करतात आणि उथळ पाण्यात पक्षी उतरतात. रोहित येतात ते यासाठीच. पाणी काठोकाठ असलेल्या वर्षी ते उशिरा येतात किंवा थोडे येतात, मग होडीवाल्यांचा हंगाम पडतो. चांगल्या पावसाने हिरमुसणारे या भागात बहुधा तेवढेच. रोहित खातो कसा हे होडीतून नीट पाहता येते : डोके उलटे करून वाकडी चोच पाण्यात, जिभेचा पंपासारखा दाब आणि चोचीच्या कडेच्या चाळणीतून गाळलेले शेवाळ-किडे. त्याच वेळी तो जागच्या जागी पाय तुडवत गोल फिरतो. पाणी ओसरल्यावर गाळात ताटाएवढी वर्तुळे उरलेली दिसतात.

रोहितांच्या जोडीला हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, कुरव, सुरय, मासा उचलणारा कैकर असा हिवाळी मेळा नोव्हेंबर ते मार्च भरलेला असतो. कुंभारगाव आणि डिकसळ ही होड्यांची मुख्य ठिकाणे. भादलवाडीच्या तलावातील बाभळी चित्रबलाकांच्या विणीसाठी ओळखल्या जातात. या सगळ्याला सर्रास ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ म्हटले जाते, पण तसे अधिसूचित अभयारण्य इथे नाही. बारामती तालुक्यातले खरे अभयारण्य सुप्याचे मयूरेश्वर, १९९७ साली घोषित झालेले, सुमारे ५ चौ. किमीचे, चिंकाऱ्यांसाठी राखलेले.

होडी चालवणारा बहुतेक वेळा पिढीजात मच्छीमार, त्यातही भोई समाजाचा. पक्ष्यांची इंग्रजी नावे त्याने पाहुण्यांकडूनच उचलली आणि पुढच्या पाहुण्यांना शिकवली. कोणत्या बेटावर आज थवा आहे हे त्याला पहाटे जाळे काढून आलेल्या भावकीकडून कळते. चांगला होडीवाला थव्याच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करून बांबूने होडी पुढे ढकलतो. ‘उडतानाचा फोटो’ हवा म्हणून थवा उठवायला सांगणारे गिऱ्हाईक आणि कुरवांना फरसाण टाकणारे गिऱ्हाईक यांना नाही म्हणणे त्याला परवडले पाहिजे; ते अजून सगळ्यांना परवडत नाही.

भिगवण हे मासळीचे गाव. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात सकाळी मासळीचा लिलाव होतो : कटला, रोहू, मरळ, वाम आणि ढिगाने चिलापी. चिलापी ही आफ्रिकेतून आलेली जात; तिने देशी माशांची जागा बळकावली, तरी हॉटेलांच्या ताटात राज्य तिचेच. चिलापी फ्राय, रस्सा आणि बाजरीची भाकरी हे सफरीचे ठरलेले जेवण. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसल्याने मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रार आहे. त्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येते. उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, जलपर्णी अडकते. म्हणजे पाहुणे पुण्याहून येतात आणि त्यांच्या आधी त्यांचे सांडपाणी आलेले असते.

क्रम आणि वेळ. माळ आणि जलाशय दोन्ही पहाटेच पाहावेत असे दोन्हीकडचे लोक सांगतात, आणि दोघांचेही बरोबर आहे. निवड करायचीच तर माळ आधी. प्राणी ऊन तापले की आडोशाला जातात, पाणपक्षी उन्हातही जागेवर असतात. शिर्सुफळहून भिगवण जवळ. कडबनवाडीहून अंतर थोडे अधिक, म्हणून साडेआठपर्यंत माळावरून निघावे. होडी अकराच्या आत काठाला लागलेली बरी. त्यानंतर वारा उठतो आणि हा जलाशय लाटांच्या बाबतीत समुद्राचीच आठवण करून देतो. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाववरून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ती सफरीची होडी नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. पण लाइफ जॅकेट न घालता होडीत बसू नये हे सांगायला तेवढे पुरे आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाची चिन्हे असतील तर होडी टाळावी.

अर्ध्या दिवसात याहून अधिक बसत नाही. जलाशयात बुडालेले पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाणी फार उतरलेल्या उन्हाळ्यातच उघडे पडते, म्हणजे नेमके पक्षी गेल्यानंतर. त्यासाठी स्वतंत्र फेरी करावी लागते. सुपे-मोरगाव वेगळ्या दिशेला आहेत, नीरा नरसिंहपूर तर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. या तिन्ही ठिकाणांची नावे एकाच सकाळच्या कार्यक्रमात लिहिणारा संयोजक भेटला, तर त्याने माळावर किती वेळ ठेवला आहे ते आधी विचारावे.