प्लास्टिक रंग का धरत नाही? बंपर, फवारा आणि मल्लेश्वरम

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागाचे नाव तेथील काडु मल्लेश्वर मंदिरावरून पडले. हे मंदिर शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात बांधल्याचे मानले जाते. याच मल्लेश्वरममध्ये ‘पंचवटी’ नावाचा बंगला आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे हे निवासस्थान. जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार असून १९३३ साली रामन तिचे संचालक म्हणून बंगळुरूस आले.

अशा जुन्या वस्तीच्या अंगणात आज सुट्टीच्या दिवशी एक वेगळाच उद्योग चालतो. मोटारीचा ओरखडलेला बंपर किंवा बाजूच्या आरशाचे कवच काढून वर्तमानपत्रावर मांडले जाते, रंगाचा फवारा डबा हलवला जातो आणि तासाभरात वस्तू नव्यासारखी चमकू लागते. काही आठवड्यांनी पाण्याचा जोराचा मारा बसला किंवा बंपर कुठे घासला, की तोच रंग कांद्याच्या पातीसारखा सुटून येतो. दोष बहुधा रंगाचा नसतो. रंगाखालचा पदार्थ कोणता, हे न विचारताच काम सुरू झालेले असते. उद्योगालाही हा प्रश्न विचारायला आणि त्याचे उत्तर शोधायला बराच काळ लागला.

फवाऱ्याची कथा वैद्यकापासून सुरू होते. अमेरिकेतील टोलेडो शहरात डॉ. ॲलन डिव्हिल्बिस हे नाक-घशाचे वैद्य होते. रुग्णाच्या घशात औषध नीट पोहोचावे, म्हणून त्यांनी १८८८ च्या सुमारास औषधाचे सूक्ष्म तुषार करणारे उपकरण तयार केले. रबरी फुगा दाबला की वेगवान हवा नळीच्या तोंडावरून जाते, तेथील दाब कमी होतो, द्रव वर ओढला जातो आणि त्याचे बारीक थेंब होतात. त्यांचे पुत्र थॉमस यांनी हेच तत्त्व रंगाला लावले आणि १९०७ मध्ये रंगफवाऱ्याची बंदूक घडवली. घशाच्या उपचारासाठी जन्मलेले हे साधन पुढे रंगाऱ्याच्या घशाचा आणि फुफ्फुसांचा प्रश्न होऊन बसले.

मोटारउद्योगात फवारा रुजला तो नायट्रोसेल्युलोज लॅकरमुळे. त्याआधी मोटारीला घोडागाडीसारखेच कुंचल्याने तेलरंग आणि व्हार्निश लावत. थरामागून थर वाळवण्यात आठवडे जात आणि कारखान्यांत अर्धवट गाड्यांच्या रांगा लागत. ड्यूपाँ कंपनीचे ‘ड्युको’ लॅकर १९२४ च्या ओकलंड मोटारींवर आले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. हे लॅकर इतके झटपट वाळे, की कुंचल्याने ते नीट पसरवता येत नसे, म्हणून फवारा अनिवार्य ठरला. येथवर रंगाखाली मुख्यतः पोलादच होते. गंज काढायचा, तेलकटपणा पुसायचा, प्रायमर मारायचा, अशी त्याची रीत ठरून गेली होती.

ही रीत मोडली ती प्लास्टिकने. १९५४ मध्ये इटलीतील ज्युलिओ नाट्टा यांनी कार्ल झिग्लर यांच्या उत्प्रेरकांच्या साहाय्याने नियमित रचनेचे, स्फटिकी पॉलिप्रोपिलिन बनवले. दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात एबीएस हे तीन घटकांचे चिवट प्लास्टिकही बाजारात आले. १९६८ च्या पाँटियाक जीटीओ मोटारीला गाडीच्याच रंगाचा लवचीक बंपर बसला आणि १९७२ च्या रेनॉ ५ ने प्लास्टिकचे बंपर सामान्य ग्राहकापर्यंत नेले. बंगळुरूही यात फार मागे नव्हते. येथील सिपानी कंपनीने १९८२ मध्ये काचतंतू व रेझिनच्या कवचाची ‘डॉल्फिन’ ही छोटी मोटार बाजारात आणली. पुढे पॉलिप्रोपिलिन स्वस्त, हलके आणि धक्का सोसणारे म्हणून जगभरच्या बंपरांचे मुख्य द्रव्य झाले. रंगाशी सर्वांत कमी जमवून घेणारे प्लास्टिकही तेच निघाले.

याचे स्पष्टीकरण प्लास्टिकच्या जन्माच्या कितीतरी आधी लिहिले गेले होते. १८०५ मध्ये इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी द्रवाचा थेंब घन पृष्ठावर कसा बसतो, याचा नियम मांडला. द्रवाला आपल्याच रेणूंचे आकर्षण अधिक असेल तर थेंब गोल राहतो आणि पृष्ठाचे आकर्षण अधिक असेल तर तो पसरतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. एबीएसची पृष्ठऊर्जा सुमारे ४०, तर पॉलिप्रोपिलिनची सुमारे ३० आहे. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसेच काहीसे पॉलिप्रोपिलिनवर घडते. बहुतेक रंगांचा पृष्ठताण पाण्यापेक्षा बराच कमी असल्यामुळे रंग तेथे कसाबसा पसरतो. पण पसरणे म्हणजे चिकटणे नव्हे. पॉलिप्रोपिलिनची साखळी केवळ कार्बन आणि हायड्रोजनची असते. रंगातील रेणूंनी धरावा असा ध्रुवीय गट तिच्यात नाही आणि थिनरही तिच्या आत सहज शिरत नाही. एबीएसमध्ये मात्र ध्रुवीय नायट्राइल गट असतो आणि द्रावक त्याचा पृष्ठभाग किंचित मऊ करून रंगाला आत मुरू देतो. म्हणून एकाच डब्यातील रंग आरशाच्या कवचावर वर्षानुवर्षे टिकतो आणि बंपरवरून महिन्याभरात सुटतो.

उद्योगाने यावर जे उपाय काढले, ते सर्व रंग बदलण्याऐवजी पृष्ठ बदलण्याचे होते. पॉलिप्रोपिलिनवरून गॅसची ज्वाळा क्षणभर फिरवली, की वरच्या अतिपातळ थरात ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि रंगाला आधार मिळतो. विद्युत विसर्गानेही हेच साधते. हे दोन्ही मार्ग १९५० च्या दशकात प्लास्टिकच्या फिल्म आणि बाटल्यांवर छपाई करताना विकसित झाले. तिसरा मार्ग रासायनिक आहे. क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनच्या रेणूचा एक भाग पॉलिप्रोपिलिनशी जुळतो आणि क्लोरीनचा भाग रंगाशी. त्याचा पातळ थर दोघांमधला दुभाषी होतो. दुकानात ‘प्लास्टिक प्रायमर’ किंवा ‘ॲढिजन प्रमोटर’ या नावाने मिळणाऱ्या अनेक डब्यांत हेच द्रव्य असते.

दुभाषी नेमण्याआधी समोरची भाषा कोणती, हे कळावे लागते आणि येथे वाट पुन्हा मल्लेश्वरमच्या त्या रहिवाशाकडे वळते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की पदार्थावर एकरंगी प्रकाश पडला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अल्प अंश वेगळ्या वारंवारितेचा होऊन येतो आणि हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंच्या कंपनांवर ठरतो. १९३० चे नोबेल पारितोषिक या शोधाला मिळाले आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. १९६० च्या दशकात लेसर आल्यावर रामन वर्णपट नोंदणे सुलभ झाले. या वर्णपटात एबीएस स्वतःची ओळख दोन ठिकाणी देते. नायट्राइल गटाची रेषा सेंटिमीटरमागे सुमारे २२४० तरंगांच्या जागी आणि स्टायरिनच्या वलयाची रेषा सुमारे १००० च्या जागी उमटते. पॉलिप्रोपिलिनमध्ये या दोन्ही नसतात. अपघातस्थळी सापडलेल्या रंगाच्या कपच्यांचे थर ओळखण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच तंत्र वापरतात. काजळीमिश्रित काळ्या प्लास्टिकवर मात्र ते अडखळते, कारण काजळी प्रकाश शोषून घेते आणि नमुना तापतो.

घरच्या रंगाऱ्याजवळ लेसर नसतो. त्याची गरजही पडत नाही, कारण भागाच्या आतल्या बाजूस बहुधा पीपी किंवा एबीएस अशी अक्षरे कोरलेली असतात. ती वाचणे ही कामाची पहिली पायरी. दुसरी पायरी धुण्याची. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेला मेणकट अंश, पॉलिशमधले सिलिकॉन आणि हाताचे तेल हे तिन्ही साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावे लागतात. येथे ॲसिटोन किंवा कडक थिनर वापरला, तर एबीएस विरघळू लागते. धुणे आधी आणि घासणे नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट केल्यास पॉलिश पेपर मेण आणि सिलिकॉन ओरखड्यांत भरून टाकतो. खोल ओरखड्यांवर प्लास्टिकसाठीचीच लवचीक लांबी भरावी लागते, कारण पत्र्यावरची लांबी बंपर वाकताच तडकते. मग ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह हलके घासल्यावर पृष्ठ एकसारखे मंद दिसू लागते. त्यावर पाणी अखंड पसरले तर सफाई झाली, तुटून थेंब झाले तर मेण शिल्लक आहे. पॉलिप्रोपिलिनवर मात्र स्वच्छ असतानाही पाणी थेंब धरते. म्हणून तेथे ही कसोटी चालत नाही आणि प्रायमरला पर्याय नाही.

यानंतर रंगाचे काम तुलनेने सोपे राहते. डबा वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून, हात सतत फिरता ठेवून, एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्यायचे आणि प्रत्येक थरामागे द्रावक उडून जाण्यास काही मिनिटे थांबायचे. पावसाळी हवेत घाई केली, तर द्रावक उडताना पृष्ठ थंड होते, बाष्प त्यावर जमते आणि लॅकरवर दुधाळ धूसरपणा येतो. बंगळुरूच्या दमट संध्याकाळी हा अनुभव नवा नाही.

राहतो तो श्वासाचा प्रश्न. नॉर्वेच्या एरिक रॉथाइम यांनी १९२० च्या दशकात दाबाखालील वायूने द्रव फवारणाऱ्या डब्याची कल्पना मांडली आणि १९४९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी डब्यातून रंग फवारला. पुढे अशा फवाऱ्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन वायू सर्रास वापरले गेले. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी हे वायू ओझोनचा थर क्षीण करतात असे दाखवून दिले आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हद्दपार होत गेले. त्यांची जागा प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणाने किंवा डायमिथिल ईथरने घेतली. ओझोन वाचला, पण क्लोरोफ्लुरोकार्बन जळत नसत आणि हे वायू जळतात. फवाऱ्याच्या डब्यात आज बहुधा स्वयंपाकाच्या सिलिंडरातलाच वायू असतो. म्हणून बंद खोलीत, देवघरातल्या समईजवळ किंवा पेटत्या शेगडीच्या शेजारी फवारणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मोटारीच्या टिकाऊ चमकदार थरासाठी वापरला जाणारा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग १९३७ मध्ये ओटो बायर यांनी सुरू केलेल्या रसायनातून आला. त्याच्या कडककामध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासात गेल्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्राही झटका आणते. त्याला धोक्याची सूचना देणारा वास नसतो आणि कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. कारखान्यात यासाठी हवा खेचणारी बंदिस्त खोली आणि रंगाऱ्याला नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा असतो. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून अशी द्रव्ये व्यवसायात हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. घराच्या अंगणात यांपैकी काहीच नसते. तेथे एका घटकाचा साधा रंग, मोकळी हवा, सेंद्रिय बाष्प शोषणारा मुखवटा आणि लहान मुलांपासून अंतर ही मर्यादा शहाणपणाची ठरते. दोन घटकांचे काम सुसज्ज गॅरेजकडेच सोपवावे लागते.

या इतिहासाचे एक वेगळे उत्तर बंगळुरूमध्येच तयार झाले. २००१ मध्ये येथील रेवा कंपनीने एबीएसच्या कवचाची छोटी विद्युत मोटार बाजारात आणली. लंडनच्या रस्त्यांवर ती ‘जी-विझ’ नावाने धावली. २०१० मध्ये कंपनीतील बहुसंख्य हिस्सा महिंद्रने घेतला आणि २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ ही पुढची मोटार आली. तिच्या कवचाचा रंग वरून फवारलेला नव्हता. तो साच्यात जाणाऱ्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला होता. अशा कवचाला ओरखडा पडला तरी खाली तोच रंग दिसतो आणि सुटून येणारा थरच नसतो. त्या कवचासाठी तुषार उडत नाहीत आणि ते श्वासात घेणारा कामगारही लागत नाही. या पद्धतीत रंगांची निवड मर्यादित राहते आणि फवाऱ्याची खोल चमकही सहज मिळत नाही. त्यामुळे बहुतेक मोटारी आजही रंगवल्याच जातात.

म्हणून मल्लेश्वरमच्या अंगणातील तो बंपर रंगवला जात राहील. रंग फवारायला काही मिनिटे पुरतात. तो टिकेल की नाही, हे मात्र आतल्या बाजूची दोन अक्षरे वाचण्यात, धुण्या-घासण्यात आणि योग्य प्रायमर निवडण्यात गेलेल्या वेळावर अवलंबून असते. फवारणाऱ्याची छाती शाबूत राहील की नाही, हे कडककाच्या डब्यावरची बारीक अक्षरे वाचण्यावर ठरते.